भरलेली दाढ टिकते ती कडेवर

दाताच्या दवाखान्यात रोज कानावर पडणारं वाक्य आहे, "डॉक्टर, मागे याच दाढेत सिमेंट भरलं होतं, आता पुन्हा तिथेच अन्न अडकतंय." सांगणाऱ्याला वाटत असतं की सिमेंट झिजलं, नाहीतर निघून पडलं. कधी कधी ते खरंही असतं. पण आरसा घालून पाहिलं, तर बऱ्याचदा भराव जागच्या जागी असतो. कीड लागलेली असते ती त्याच्या कडेला, भराव आणि दात जिथे एकमेकांना टेकतात त्या रेषेवर. मग जुना भराव उकरून काढायचा, त्याबरोबर थोडा चांगला दातही जातो आणि खड्डा आधीपेक्षा मोठा होतो. असं दोन-तीनदा झालं की दाढेच्या भिंती पातळ होतात, एखादी तुटते, मग रूट कॅनाल, मग कॅप, आणि काहींच्या नशिबी शेवटी दाढ काढणं. बत्तिशीतल्या कितीतरी दाढा पहिल्या किडीने जात नाहीत, अशा पुन्हा पुन्हा भरण्याने जातात. म्हणून दाढ भरून घेताना सगळं लक्ष या कडेवर हवं.

अलीकडे काही जण मोबाइलवर वाचून थेट विचारतात, "ते नवीन बायोॲक्टिव्ह भरता का? त्याने कीड परत लागत नाही म्हणे." प्रश्न चांगला आहे. उत्तरासाठी आधी कडेला नेमकं काय होतं ते बघू.

दाताच्या रंगाचा जो पांढरा भराव आज सगळीकडे वापरतात, तो कॉम्पोझिट. त्यात राळेसारखं एक रेझिन असतं आणि त्यात बारीक काचेची भुकटी कालवलेली असते. निळा लाइट मारला की ते काही सेकंदांत कडक होतं, पण कडक होताना आकसतं. आकारमानात साधारण २ ते ३ टक्के. आकडा छोटा वाटतो, पण दाढेच्या खड्ड्यात चारी बाजूंनी चिकटलेला भराव आकसला की कुठेतरी ताण येतो, आणि जिथे पकड कच्ची तिथे तो सुटतो. वरच्या एनॅमलशी पकड भक्कम असते. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिलं की फॉस्फोरिक आम्ल लावल्यावर एनॅमल खरखरीत होतं आणि रेझिन त्यात रुतून बसतं. दवाखान्यात लावतात ते निळं जेल तेच. आतलं डेंटिन मात्र ओलसर असतं. त्यात सूक्ष्म नळ्या असतात आणि कोलॅजनचं जाळं असतं. रेझिन त्या जाळ्यात शिरून पकड घेतं, पण त्या जाळ्याला खाणारी विकरं दातात आधीपासूनच असतात. लाळेतली आणि जिवाणूंची विकरं रेझिनचेही बंध हळूहळू तोडतात. हे सगळं एका दिवसात होत नाही, वर्षं लागतात. सगळ्यात आधी सुटते ती दोन दाढांच्या मधली, हिरडीजवळची खालची कड. तिथे एनॅमल पातळ असतं किंवा नसतंच, ओल जास्त असते, ब्रश पोचत नाही आणि डॉक्टरांनाही नीट दिसत नाही. पावसाळ्यात खिडकी गळते ती काचेतून गळत नाही, चौकटीच्या कडेने गळते. दाढेचंही तसंच आहे.

जुन्या चांदीच्या भरावाचा इथे एक मोठा गुण होता. चांदी म्हणजे अमाल्गम, त्यात वजनाने साधारण निम्मा पारा. ती दाताला चिकटत नाही. पण तोंडात हळूहळू गंजते, आणि तो गंज कडेच्या फटीत साचून फट आपोआप बुजवतो. त्यामुळे जरा ओबडधोबड भरलेली चांदीसुद्धा वर्षानुवर्षं टिकलेली दिसते. कॉम्पोझिटच्या कडेला कीड परत लागण्याचं प्रमाण चांदीपेक्षा जास्त दिसलं आहे, त्याचं एक कारण हेच. मात्र पाऱ्याच्या प्रदूषणामुळे चांदी आता मागे पडते आहे. २०१३ च्या मिनामाता करारात दातांच्या पाऱ्याचा वापर कमी करत जाण्याचं ठरलं, भारतही त्यात आहे, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गमचा वापर जवळपास बंदच केला. त्यामुळे स्वतःची कड स्वतः सांभाळणारा पांढरा भराव तयार करणं ही आज दंतवैद्यकाची खरीखुरी गरज झाली आहे.

त्या दिशेचं पहिलं पाऊल बरंच जुनं आहे. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९७० च्या आसपास ग्लास आयोनोमर तयार केलं. दवाखान्यात त्याला जीआयसी म्हणतात. ते दाताला रासायनिक पकड घेतं, थोड्या ओलीत चालतं आणि फ्लोराइड सोडतं. त्यातलं फ्लोराइड कमी झालं की पेस्टमधलं शोषून पुन्हा भरून घेतं. उणीव एकच, पण मोठी: चावण्याच्या जोराला ते कॉम्पोझिटइतकं टिकत नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत त्याला जागा दिली, आणि ती योग्यच होती.

दुसरा धागा हाडांच्या शस्त्रक्रियेतून आला. फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच १९६७ मध्ये एका परिषदेला बसने चालले होते. शेजारी व्हिएतनाम युद्धातल्या जखमींची व्यवस्था पाहणारा एक लष्करी अधिकारी बसला होता. शरीर नाकारणार नाही असा पदार्थ तुम्ही करू शकाल का, असं त्याने विचारलं. दोन वर्षांत हेंच यांनी एक काच तयार केली. तिच्यात ४५ टक्के सिलिका आणि सोबत कॅल्शियम, सोडियम, फॉस्फरस. उंदरांच्या हाडात बसवलेले तिचे तुकडे नंतर काढायला गेले तर निघेनात, हाडाशी एकजीव झाले होते. हीच ती बायोॲक्टिव्ह काच. बारीक भुकटीच्या रूपात ती आज दात सळसळण्यावरच्या काही पेस्टमध्ये असते.

ही काच भरावात घातली तर? तोंडात गोड गेलं की जिवाणू आम्ल तयार करतात. पीएच ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतं, कीड लागण्याची हीच सुरुवात. भरावाच्या कडेच्या फटीत आम्ल उतरलं की बायोॲक्टिव्ह काच तिथल्या तिथे विरघळून क्षार सोडते, आम्लाचा जोर मोडते, जिवाणूंना तिथलं वातावरण मानवेनासं होतं आणि सुटलेले क्षार दातात परत बसायला मदत होते. अमेरिकेत ओरेगन राज्य विद्यापीठाच्या जेमी क्रुझिक यांच्या गटाने कॉम्पोझिटमध्ये वजनाने १५ टक्के अशी काच घातली, खऱ्या दातांत ते भरलं, कडेला मुद्दाम फट ठेवली, चावण्यासारखा दाब देत राहिले आणि किडीचे जिवाणू सोडले. साध्या भरावाच्या फटीत जिवाणू तळापर्यंत पोचले, काचवाल्या भरावात ते वाटेतच अडले. प्रयोग प्रयोगशाळेतला होता हे लक्षात ठेवायला हवं, पण दिशा बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं.

इतरांनी वेगळ्या वाटा धरल्या. जपानमध्ये ओसाकाच्या सातोशी इमाझातो यांनी जिवाणू मारणारा रेणू रेझिनच्याच साखळीत विणून टाकला, म्हणजे तो धुऊन जात नाही, स्पर्शाने काम करतो. अडचण अशी की लाळेतल्या प्रथिनांचा पापुद्रा वर बसला की स्पर्श कमी होतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात स्फटिक न झालेलं कॅल्शियम फॉस्फेट रेझिनमध्ये घातलं. क्षार भरपूर सुटले, पण भराव कमजोर झाला. पुढे मेरीलँड विद्यापीठात तेच कण नॅनो आकाराचे करून ताकद टिकवण्याचे प्रयत्न झाले.

या साऱ्या कामातला पेच इथेच आहे. क्षार सोडायचे म्हणजे भरावाने थोडं पाणी आत घेतलं पाहिजे आणि थोडं विरघळलं पाहिजे. चावणाऱ्या दाढेतला भराव मात्र पाणी न घेणारा, न विरघळणारा हवा. आंतरराष्ट्रीय मानकात अशा भरावाची वाकण्याची ताकद किमान ८० मेगापास्कल लागते, आणि पाणी शोषण्यावर व विरघळण्यावरही मर्यादा घातल्या आहेत. काच वाढवली की क्षार वाढतात आणि ताकद घटते, काच कमी केली की उलट. त्यातून क्षार सुटून संपल्यावर त्या जागी पोकळी राहते की ती पुन्हा भरून निघते, हा पुढचा प्रश्न. या क्षेत्रात काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे की पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवर खूश होऊ नका. नमुना पाण्यात महिनोन्‌महिने ठेवून मग मोडून बघा. आणि शरीरातल्या द्रवासारख्या केलेल्या मिश्रणात पृष्ठभागावर ॲपेटाइटचा, म्हणजे दातातल्यासारख्या खनिजाचा, थर आला म्हणजे तोंडातही येईल असं धरून चालू नका. त्या मिश्रणात लाळेतली प्रथिनं नसतात आणि दिवसातून चार वेळा चहा-बिस्किट येत नाही.

प्रत्यक्ष तोंडात काय होतं याचा एक डोळे उघडणारा दाखला २०१९ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. बायोॲक्टिव्ह म्हणून विकला जाणारा एक रेझिन भराव त्यांनी उत्पादकाच्या तेव्हाच्या सूचनेप्रमाणे बॉन्डिंग, म्हणजे भराव दाताला चिकटवणारं रेझिन, न लावता दाढांमध्ये भरला, आणि त्याच रुग्णांच्या दुसऱ्या दाढांत नेहमीचं कॉम्पोझिट बॉन्डिंगसह भरलं. वर्षभरात नव्या भरावांपैकी जवळपास पाव भाग बाद झाले, जुन्या पद्धतीचे अगदी थोडे. यावरून बायोॲक्टिव्ह फसवं आहे असं कुणी म्हणू नये. कडेवरची पकड ढिली ठेवली तरी भराव क्षार सोडून ती भरून काढेल, ही अपेक्षा मात्र चुकीची ठरली.

मग घ्यावं की नाही? खड्डा खोल असून नसेच्या अगदी जवळ पोचला असेल, तर तळाशी कॅल्शियम सिलिकेटचं औषध घ्यायला कचरू नका. महमूद तोराबिनेजाद यांनी १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात एमटीए पुढे आणलं, त्या घराण्यातली ही औषधं. नसेवर डेंटिनचा नवा थर तयार होतो हे यांच्या बाबतीत पक्कं सिद्ध आहे, आणि वेळेत वापरलं तर कित्येकदा रूट कॅनाल टळतो. लहान मुलांच्या दुधाच्या दाढा, वयस्कर माणसांच्या हिरडी उतरलेल्या मुळांवरची कीड, औषधांमुळे तोंड कोरडं पडणारे मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे रुग्ण, हिरडीच्या खाली गेलेली ओली कड, अशा ठिकाणी फ्लोराइड आणि क्षार सोडणारं साहित्य माझ्या मते आधी विचारात घ्यावं. मग ते जीआयसी असो, त्यात रेझिन मिसळलेला प्रकार असो, जपानचा जायोमर असो किंवा भारतात बराच वापरला जाणारा अल्कासाइट असो. सरळ, कोरडी, एनॅमलच्या चांगल्या कडा असलेली दाढ असेल, तर नीट भरलेलं साधं कॉम्पोझिट आजही उत्तम. तिथे महागड्या नावासाठी पदरमोड करण्याची गरज नाही.

नीट भरलेलं म्हणजे काय, ते खुर्चीत बसल्या बसल्या तुम्हालाही समजू शकतं. भरण्याआधी दोन दाढांच्या मधला भाग दाखवणारा छोटा एक्स-रे काढला का? भरताना दाढ कोरडी ठेवण्यासाठी रबर डॅम लावला का? दाढेभोवती ताणून बसवतात तो पातळ रबरी पडदा. तो जमत नसेल तर निदान कापसाच्या गुंडाळ्या, थुंकी ओढणारी नळी आणि सोबत एक मदतनीस हवा. बॉन्डिंगच्या वेळी लाळेचा एक थेंब कडेवर गेला तरी पकड जाते, म्हणून त्या मिनिटाला तोंड मिटू नका, जीभ तिकडे नेऊ नका, आणि काही होत असेल तर बोलण्याऐवजी हात वर करा. भराव २ मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थराला लाइट मारला जातो. काही नवे प्रकार जाड थरातही चालतात, पण एकाच दणक्यात खोल खड्डा भरला तर तळाचं रेझिन कच्चं राहण्याची भीती असते. दोन दाढांच्या मधला खड्डा असेल तर धातूची पातळ पट्टी आणि पाचर घालून भरतात. काम झाल्यावर फ्लॉसचा दोरा मागा आणि तिथून फिरवून बघा. तो किंचित अडून "टक्" करून खाली उतरला पाहिजे. सैल गेला तर अन्न अडकणार, फाटला तर कड वर आलेली आहे. घरी जायच्या आधीच हे दाखवा. यात डॉक्टरांवर अविश्वास नाही, चांगल्या डॉक्टरला असं विचारलेलं आवडतंच.

या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून वेळ मोकळा ठेवून जा. मीटिंगच्या मध्ये अर्धा तास काढून, सारखं घड्याळ बघत दाढ भरून घेऊ नका. खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं किंवा मुंबईचं नायर दंत महाविद्यालय यांकडे जा. तिथे वेळ जास्त लागतो, पण शिकवणाऱ्या डॉक्टरांची नजर प्रत्येक टप्प्यावर असते, आणि कडेसाठी ती सोन्यासारखी.

आपल्याकडे एक सवय घट्ट आहे: ठणका लागला की लवंगेच्या तेलाचा बोळा खड्ड्यात ठेवायचा आणि दुखणं अंगावर काढायचं. लवंगेतल्या युजेनॉलने ठणका थोडा वेळ थांबतो, पण तोच युजेनॉल रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. तेव्हा तेल लावलं असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते खड्डा नीट साफ करतील किंवा त्या दिवशी तात्पुरता भराव देऊन पुढची तारीख देतील. दात पांढरे करण्याची ट्रीटमेंट नुकतीच घेतली असेल तर तेही सांगा, त्यानंतर दोनेक आठवडे पकड कच्ची येते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे ज्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत, त्यांच्या एनॅमलवर आम्लाचा नेहमीचा वेळ पुरत नाही. शहरातल्या नव्या डॉक्टरांकडे जाताना आपण कुठल्या गावचे, लहानपणी बोअरचं पाणी प्यायलो का, हे सांगितल्याने फरक पडतो.

भरल्यानंतर गार पाण्याने थोडे दिवस सळक येणं चालतं. पण चावताना तीच दाढ आधी लागत असेल तर भराव उंच राहिला आहे, "होईल सवय" म्हणून सोडून देऊ नका. दोन मिनिटांचं घासकाम असतं. ते टाळलं तर कडेवर रोज दाब येतो आणि ती उघडते.

पुढची काळजी रोजची आहे. पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइड किती आहे ते वाचा. आपल्याकडे १००० पीपीएमपर्यंतच परवानगी आहे, मोठ्यांनी त्याच्या जवळचा आकडा घ्यावा. अनेक हर्बल पेस्ट आणि दंतमंजनांत फ्लोराइड नसतंच, आणि ज्याची दाढ भरलेली आहे त्याने तरी ते पाहूनच घ्यावं. रात्री घासल्यावर फेस थुंका, चूळ भरू नका. जीआयसी किंवा अल्कासाइट भरलेलं असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण त्या भरावाला फ्लोराइडची शिदोरी तिथूनच मिळते. मिश्री आणि राखुंडी सोडा, त्यांनी कडा झिजतात. शिवाय मिश्री म्हणजे तंबाखूच, तिचा धोका दातांपुरता नाही. सुपारी फोडायला दाढ वापरू नका. गोड खायचंच तर जेवणाबरोबर खा. दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहिलं की पीएच वर यायला उसंतच मिळत नाही, आणि कुठल्याही काचेची ताकद त्यापुढे तोकडी पडते. रात्री दात खाण्याची सवय असेल, म्हणजे घरची माणसं आवाज येतो म्हणत असतील, तर रात्रीचा गार्ड बनवून घ्या.

सहा महिन्यांनी, किंवा कीड कमी लागत असेल तर वर्षाने, दाढा दाखवत जा. जुन्या भरावाच्या कडेला नुसती तपकिरी रेघ दिसली म्हणजे आत कीड असतेच असं नाही. चहाचा डागही असू शकतो. तिथे मऊ लागतं का, एक्स-रेत काळं दिसतं का, हे विचारा. कड एका कोपऱ्यात तुटली असेल तर पूर्ण भराव काढण्याआधी तेवढीच दुरुस्ती होईल का, हे आवर्जून विचारा. बऱ्याच वेळा होते, आणि दात वाचतो. तोंडात जुनी चांदी असून ती नीट असेल, तर पाऱ्याच्या भीतीने काढून घेऊ नका. काढताना पाऱ्याची वाफ जास्त सुटते, आणि चांगला दातही जातो.

निघताना एक कागद मागून घ्या: कुठली दाढ, कोणत्या तारखेला, कोणतं साहित्य, खाली नसेवर काय ठेवलं, बॉन्डिंग कोणतं. औषधाच्या पावत्या ठेवता तिथे तो ठेवा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढा. बदलीने पुण्याहून बंगळुरूला गेलात, किंवा मुलाकडे परदेशी राहायला गेलात, तर तिथल्या डॉक्टरांना भराव उकरायचा की दुरुस्त करायचा, आणि दुरुस्तीला काय चिकटेल, हे त्यावरून ठरवता येतं.